तळ शिवलेली कव्हरं

उशीताईला उशीताई म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, ते कारखान्यात कुणालाच आठवत नव्हतं. कारखाना फर्निचरचा. सोफे, खुर्च्या, दवाखान्यात पेशंटला बसायला लागतात ती लांब बाकं, असं काय काय तिथे बनायचं, आणि या सगळ्यांना गाद्या, उशा, कपडा चढवायचं काम तिचं. नवरा गेल्यावर ती तिथे शिवणावर बसली आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होती. तिचा शब्द कारखान्यात चालायचा असं म्हणणं जरा जास्तच होईल, पण तोंड मात्र चालायचं. सुतारांना ती तोंडावर सांगायची, "तुम्ही ठोकता, मी झाकते. माझ्यामुळे अब्रू राहिलीये तुमची." सुतार हसून सोडून द्यायचे, कारण खोटं काय होतं त्यात!

सख्खं म्हणावं असं तिला एकच माणूस, धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले तेव्हा तो एवढासा होता की नाक पुसायचीही अक्कल नव्हती. हिने त्याला वाढवला, शिकवला, लग्न करून दिलं. मोठा झाल्यावर त्याने फोमचं दुकान टाकलं, तेही बँकेकडे राहतं घर गहाण ठेवून. मुळातच भित्रा जीव. उधारी म्हटलं की तो दहा वेळा हिशेब करायचा. पण कारखान्याला फोम लागायचा, आणि ताईने सांगितलं, "मालक सोन्यासारखा माणूस आहे. दे माल. मी बसलेय ना तिथे!" ताई बसलीये म्हटल्यावर त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. ताईचं सांगणं म्हणजे त्याच्या लेखी स्टॅम्पपेपर.

पुष्कळ वर्षं ते बरोबरही होतं. थोरले मालक होते तोवर महिन्याचा पैसा महिन्याला मिळायचा. मग ते गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. हाही बोलायला गोड. उशीताईला "ताई, ताई" करायचा, येताजाता तब्येत विचारायचा. काहीकाही माणसं तब्येत अशी विचारतात की आपल्याला वाटतं, अरे, याला खरंच आपली काळजी आहे! उशीताईलाही तसंच वाटायचं. तिला तरी दोष कसा द्यायचा? तिची तब्येत विचारणारं दुसरं होतं कोण?

त्या वर्षी काम कमी झालं. उशीताईच्या टेबलावर पूर्वी सोफ्यांची रांग लागायची, आता दुपारनंतर ती सुया नीट लावत बसायची. काम कमी, पण माल मात्र बदाबदा यायला लागला. प्लायवूड, रेक्झीन, खिळे, पॉलिश. काम नाही तर एवढा माल कशाला, असं शेंबडं पोरसुद्धा विचारेल. सुतारांनी विचारलंही. मालक म्हणाला, "मोठी ऑर्डर येतेय." सगळे खूश. मोठी ऑर्डर म्हटलं की कामगाराच्या डोळ्यांवर जी झापड येते, ती काही विचारू नका.

जुना प्लायवूडवाला, जो थोरल्या मालकांच्या वेळेपासून यायचा, चहा पिऊन जायचा, तो यायचा बंद झाला. त्याचे पैसे थकले होते म्हणे. त्याच्या जागी कुठून कुठून नवे व्यापारी आले, ज्यांना कारखान्याची काही माहिती नव्हती, फक्त नाव जुनं आहे एवढंच माहीत. पहिल्या मालाचे पैसे त्यांना हातोहात मिळाले, दुसऱ्याचेही मिळाले, आणि मग त्यांनी ट्रक भरून माल उधारीवर पाठवला. तो पुढच्या दाराने आला आणि वरची दोरीसुद्धा न सोडता मागच्या दाराने गेला. मागच्या दाराला टेम्पो उभा असायचा तो मालकाच्या मेहुण्याचा. या मेहुण्याने आयुष्यात कधी लाकडाला हात लावला नव्हता, पण आता त्याने कारखाना काढला होता. नाव काय ठेवलं? याच कारखान्याचं, पुढे फक्त 'न्यू' लावून. बेशरमपणाला काही सीमा!

मग एक दिवस मालक ताडपत्रीचा गठ्ठा घेऊन उशीताईच्या टेबलाशी आला. करवतीचं मशीन, रंध्याचं मशीन, हवेचा कॉम्प्रेसर, सगळ्यांना कव्हरं शिवायची होती.

"मशीनं धुळीने खराब होतात, ताई. आणि हो, खालून तळही शिवा. बाजूला नाडी ठेवा, बांधता येईल अशी."

उशीताईने चष्मा कपाळावर चढवला. "तळ कशाला? धूळ काय जमिनीतून वर येते?"

"उंदीर फार झालेत हो!"

उंदीर! लोखंड खाणारे उंदीर तिने उभ्या जन्मात ऐकले नव्हते. धुळीसाठी जे कव्हर असतं ते वरून टोपीसारखं घालायचं, संध्याकाळी घालायचं, सकाळी काढायचं. तळ शिवून नाड्या बांधतात ते सामान हलवायचं असलं की. घर बदलताना गाद्यांना ती असंच शिवून द्यायची. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिच्या मनात चर्रकन झालंच. पण हातात काम आलं होतं, कितीतरी दिवसांनी पोटभर काम, आणि मालक स्वतः टेबलाशी येऊन "ताई" म्हणाला होता. तिने शिवलं. वर आणि दुहेरी शिवण घातली.

पुढच्या सुट्टीच्या दिवसानंतर ती कामावर गेली तर मशीनं जागेवर नव्हती. सर्व्हिसिंगला गेली म्हणे. जमिनीवर नुसते बोल्टांचे खड्डे राहिले होते.

जुना हिशेबनीस तिला डोळ्यांच्या दवाखान्यात भेटला. त्याला मालकाने आधीच घरी बसवला होता, त्याच्या जागी मेहुण्याचा भाचा. दोघं बाकावर शेजारी बसले. हे बाकही कारखान्याचंच, हे उशीताईने बसल्याबसल्या ओळखलं. तिने हिशेबनिसाला मशीनांचं सांगितलं.

"ताई, दिवाळं निघतं ते वेगळं आणि काढतात ते वेगळं," तो म्हणाला. "निघतं तेव्हा मालक वाळतो, त्याला झोप लागत नाही, बायकोचे दागिने विकून तो कामगारांचे पगार करतो. काढतात तेव्हा मालकाचं पोट सुटतं. आपल्याचं बघा की जरा!"

उशीताईला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"बंगला बायकोच्या नावावर झालाय. कागदावर नवराबायको वेगळे झालेत, जेवायला मात्र एकाच टेबलावर. माल उधारीवर उचलायचा, मिळेल त्या भावाला रोखीत फुंकायचा, मशीनं मेहुण्याकडे. मग एक दिवस कोर्टात हात वर करायचे, माझ्याकडे काहीच नाही म्हणून. ज्यांचं देणं आहे त्यांच्या वाट्याला कुलूप. तुमच्या भावाला सांगा, माल देणं आजच्या आज बंद कर म्हणावं."

"सांगते," उशीताई म्हणाली.

आणि ती सांगणारच होती, देवाशपथ! पण दवाखान्यातून निघाली ती भावाकडे गेली नाही, आधी मालकाकडे गेली. तिची स्वतःची इतक्या वर्षांची पुंजी कारखान्यात अडकली होती, काम सोडताना मिळायची ती. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको म्हणून तिने त्या एका रकमेवर सगळा भरवसा ठेवला होता. मालकाला तिने स्पष्टच विचारलं. मालकाचा चेहरा पडला, पण सावरला लगेच.

"ताई, तुमचं सगळ्यात आधी. शब्द देतो. फक्त बाहेर कुठे बोलू नका. चारजण एकदम मागायला आले तर मी तुमचंही देऊ शकणार नाही. कुणाला म्हणजे कुणालाही नाही हं."

कुणालाही म्हणजे कुणाला, ते दोघांनाही कळलं होतं.

त्याच आठवड्यात ती भावाकडे जेवायला गेली. भावजयीने आग्रह करकरून वाढलं. जेवता जेवता भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या मालकाने मोठी ऑर्डर दिलीये. आजवर एवढा फोम कधीच नेला नव्हता. मला बँकेतून आणखी उचलावे लागतील. तुला काय वाटतं, देऊ ना?"

भावजय वाढायचं थांबली होती. भाऊ घास हातात धरून ताईच्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसाच. उशीताईने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, खाली ठेवला. दवाखान्यातलं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"दे की," ती म्हणाली. "मी आहे ना."

तिचे पैसे तिला मिळाले. सगळे, पैसा न् पैसा. मालक शब्दाला जागला, असं त्या दिवशी तिला वाटलं. माणूस स्वतःला किती फसवतो बघा! आणि त्यानंतर लगेचच कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं, वर दिवाळखोरीच्या अर्जाची नोटीस. फोम आतमध्ये नव्हता. फोम कधीच मेहुण्याकडे गेला होता.

भावाचं दुकान महिनाभर कसंबसं उघडं राहिलं. मग बँकेची माणसं यायला लागली, आधी दुकानात, मग घरी. भाऊ ताईला एक शब्द लागेल असा बोलला नाही. उलट तोच समजावायचा, "तुला तरी काय माहीत, ताई? तुलाही फसवलंच ना त्याने." हे ऐकलं की तिचा जीव जायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पैशांची पिशवी तिने कपाटात तशीच ठेवली होती. रोज वाटायचं, आज नेऊन देते. पण दिली की विचारणार, कधी मिळाले? मग काय सांगायचं?

शेवटी कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने सगळ्यांना बोलावलं. लांबट खोली, खुर्च्या मांडलेल्या. प्लायवूडवाले, रेक्झीनवाले, सुतार, सगळे होते. भाऊ मागे भिंतीशी बसला होता. मालक विटका शर्ट घालून आला होता. त्याच्याकडे तो शर्ट कुठून आला, देव जाणे! तो म्हणाला, धंदा बसला, मशीनं तर कधीच भंगारात विकली, मेहुण्याकडची मशीनं मेहुण्याची.

अधिकाऱ्याने उशीताईला पुढे बोलावलं. तिने ताडपत्रीचं सांगितलं, तळाचं सांगितलं, नाड्यांचं सांगितलं. मेहुण्याच्या गोदामात तीच कव्हरं सापडली होती. खोलीत कुजबुज झाली. मालक तिच्याकडे बघेना.

"बाई, आता नीट आठवून सांगा," अधिकारी म्हणाला. "यावर सगळं अवलंबून आहे. ही कव्हरं फोमच्या शेवटच्या मोठ्या ऑर्डरच्या आधी शिवलीत की नंतर? आधी असतील तर फसवायचं हे ठरवूनच त्यांनी माल मागवला, असा अर्थ होतो. मशीनं परत आणता येतील, लोकांना थोडंफार तरी मिळेल. नंतर असतील, तर मला फार काही करता येणार नाही."

आधी म्हटलं तर भावाला काहीतरी मिळणार होतं. आणि आधी म्हटलं तर भावाला कळणार होतं.

"आधी," ती म्हणाली.

"तेव्हा तुम्हाला शंका आली होती?"

"आली होती."

"कुणाला सांगितलंत?"

"नाही. माझे पैसे अडकले होते. ते मिळेपर्यंत गप्प बसले." ती तिथेच थांबली नाही. "ते मिळाले. कुलूप लागायच्या जरासं आधी."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग जरा नरमाईने म्हणाला की तेही परत करावे लागतील, दिवाळखोरीच्या तोंडावर एकाला पूर्ण देऊन बाकीच्यांना टांगता येत नाही. उशीताईने मान हलवली. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

बाहेर जिन्याशी तिने भावाला गाठलं. पिशवी तिने सकाळीच बरोबर घेतली होती. ती पुढे केली.

"हे घे रे. सगळे आहेत. त्या साहेबांना काय सांगायचं ते मी बघते. तू आधी बँकेचं भागव."

भावाने पिशवीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"ते आता सगळ्यांचे आहेत," तो म्हणाला. "आत जमा करा."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालास?"

"जमा करून पावती घ्या. आणि जिना उंच आहे, तुमचे गुडघे दुखतात. कठडा धरून उतरा."

एवढं बोलून तो खाली गेला. उशीताई पिशवी धरून तिथेच उभी राहिली, आणि मग आत गेली, पावती घ्यायला.