उंटाच्या जबड्यातली तार

जनावर कसलंही येऊ दे, आमचे डॉक्टर आधी डोळे मिटायचे. मग त्याच्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, "गप रं गड्या, आत बघतोय." कवठे महांकाळकडं कधी गुरं घेऊन आला असाल, तर तुम्हीही हे ऐकलं असेल.

मी त्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर. ओसरीत उंटाचा अख्खा सांगाडा उभा होता. जत्रेत मेलेला उंट डॉक्टरांनी माळावर पुरला आणि पुढं त्याची हाडं काढून, धुऊन, तारेनं जोडली. धूळ पुसायला मात्र मी! लोक मोबाइलवर फोटो काढायचे आणि हमखास विचारायचे, "आवं डाक्टर, वशिंडाचं हाड कुठं हाय?"

"वशिंडात हाडच न्हाई. नुसती चरबी."

लोक हिरमुसायचे. शेवटी डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर एक वेताची बुट्टी पालथी बांधून टाकली. खंडेनवमीला झेंडूचा हार त्या बुट्टीवरच चढायचा.

दुपारी उन्हाबरोबर बरगड्यांची सावली भिंतीवरून सरकायची. डॉक्टर खुर्चीत पेंगत पुटपुटायचे, "निघाला बघ गावाकडं." मलाही तो चालल्यासारखा वाटायचा.

एकदा जत्रेतला उंटवाला रडतच आला. त्याच्या उंटाचा खालचा जबडा मोडून लोंबत होता. तोंडात घास जात नव्हता. "पोरं बसवून पोट भरतो. ह्यो उपाशी मेला तर मी बी मेलो, डाक्टर."

जिवंत उंटाला आम्ही कधी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी सांगाड्याचा जबडा सोडवून मांडीवर घेतला. सुळ्यांच्या मागं दातांची रांग तुटते, तिथं हाड बारीक असतं. "हितंच मोडलंय. पुढचं दात मागच्या दाढांना बांधलं, की हाड जुळंल." मेलेल्या उंटाच्या दातांत ते तार ओवत, सोडवत बसले. मग गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि जिवंत जबड्यात तशीच तार ओवली. संध्याकाळी उंटानं कण्यांची पातळ पेज सुर्रकन ओढली. उंटवाला डॉक्टरांच्या गळ्यातच पडला.

"तार काढायला ये रं. मी हाय हितंच."

त्याआधीच ते गेले. दुपारी खुर्चीत पेंगले ते उठलेच नाहीत. भिंतीवर सावली सरकत होती आणि मी शेजारी बसून कापूस कापत होतो. असं न सांगता जातं होय कुणी? मला अजून राग येतो.

उंटवाला आला, तेव्हा उंट बाभळीचा पाला चघळत होता. नव्या डॉक्टरीणबाईंनी तार कापून काढली.

"मोठं डाक्टर कुठं हायत? त्यास्नी दावायचा हाय."

 डोळे मिटून मी जबड्यावर हात ठेवला. मोडलं होतं तिथं हाडाची घट्ट गाठ लागली.

"आवं, कुठं हायत डाक्टर?"

"गप रं गड्या," मी म्हणालो, "आत बघतोय."