खोताच्या वाडीतला मोडेम

“मोडेम आत आहे ना?” परेरा अंकलनी विचारलं.

“आहे.”

“फोनची वायर त्यात नीट बसलीय ना?”

“बसलीय.”

“मग हा तुझा लिनक्स मोडेम नाही म्हणतो, तो कसा?”

खोताच्या वाडीतल्या त्यांच्या लाकडी घराच्या व्हरांड्यात मी खाली मांडी घालून बसले होते. समोर स्टुलावर लॅपटॉप. मागे वेताच्या खुर्चीत सुजाता सावंत नावाची बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून. ती लालबागहून आली होती. मसाल्याच्या दुकानात कामाला होती आणि त्या दिवशी अर्धी रजा टाकून आली होती. तिचं लक्ष स्क्रीनवरून हलत नव्हतं.

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. कॉम्प्युटरची भाषा आवाजात बदलून तारेवर सोडणारी आणि पलीकडून आलेला आवाज परत भाषेत बदलणारी वस्तू म्हणजे मोडेम. मी गिरगावातल्या एका छोट्या कंपनीत सपोर्ट इंजिनिअर होते. ऑफिसात साठे सर, मी आणि दोन टेक्निशियन. लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमचं, वेड मात्र माझं एकटीचं.

आमचे क्लायंट परेरा अंकल पूर्वी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. रिटायर होऊनही बोटीवरच्या लोकांशी त्यांचा संबंध सुटला नव्हता. त्या दिवसांत एक जहाज परदेशातल्या एका बंदरात अडकून पडलं होतं. मालक गायब, कोर्टाने जहाज अडवलेलं, खलाशी वरच. खाणंपिणं कोणी आणून देईल तेवढंच. त्यात सुजाताचा नवरा महेश फिटर होता. बंदरात खलाशांसाठी चालणाऱ्या ख्रिस्ती मिशनचे फादर अधूनमधून जहाजावरच्या या मुलांना आपल्या कॉम्प्युटरवर बसू द्यायचे. मुलं मेल परेरा अंकलच्या पत्त्यावर पाठवायची. अंकल ते वाचून गिरगाव, लालबाग, भायखळ्याच्या घराघरांत फोन करून निरोप द्यायचे.

आठवड्यापूर्वी व्हायरसने त्यांच्या लॅपटॉपवरचं विंडोज पार बसवलं. लॅपटॉप पुतण्याने परदेशातून पाठवलेला, विंडोज परत टाकायला सोबत एकही सीडी नाही. मी म्हटलं, लिनक्स टाकू, व्हायरसची कटकटच नको. अंकल लगेच तयार झाले. आयुष्य मशीनसमोर काढलेला माणूस, नवीन काही म्हटलं की त्यांचे डोळे चमकायचे. लिनक्स झकास चढला. स्क्रीन, माऊस, आवाज, सगळं चालू. फक्त मोडेम नाही.

आणि मोडेमशिवाय मेल नाही. त्यांचं खातं जुनं होतं. ते इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या लाइनवरूनच उघडायचं, सायबर कॅफेतून नाही. आमच्या ऑफिसची लाइन रस्ता खणताना तुटलेली. बाहेरून जोडायचा मोडेम आणला असता, पण तो लावायला लागणारं सॉकेट या नव्या लॅपटॉपला नव्हतंच.

“अंकल,” मी म्हटलं, “आतला मोडेम अर्धाच आहे.”

“अर्धा म्हणजे?”

“खर्च वाचवायला कंपन्यांनी फक्त आवाज आत-बाहेर करणारी चिप ठेवलीय. बाकी सगळा मेंदू विंडोजमधल्या प्रोग्रामात. विंडोज गेलं, मेंदू गेला.”

“म्हणजे तोंड आणि कान आहेत, डोकं नाही.”

“बरोबर.”

“असे कॅप्टन बघितलेत मी,” अंकल म्हणाले. सुजाता पहिल्यांदाच किंचित हसली.

तेवढ्यात अंकलचा फोन वाजला. साठे सर होते, ऑफिसशेजारच्या दुकानातल्या फोनवरून. “मेघना, भायखळ्याचा क्लायंट ओरडतोय. प्रिंटर बंद आहे त्याचा. तिथलं आटप आणि निघ.”

“सर, इथे मोडेम चालत नाहीये.”

“लिनक्स टाकू असं कोण म्हणालं होतं?”

“मीच.”

“चालतो का लिनक्सवर हा मोडेम? हो की नाही, सांग.”

मी सुजाताकडे बघितलं. “चालतो, सर.”

खरं सांगायचं तर मला तेव्हा माहीत नव्हतं. पण असे मोडेम चालवण्यासाठी जगभरातल्या हौशी लोकांनी ड्रायव्हर लिहिलेत हे वाचलं होतं. ड्रायव्हर म्हणजे चिप आणि सिस्टिम यांच्यातला दुभाषी. आधी आपल्याकडे चिप कुठली, ते शोधायचं होतं. लॅपटॉपच्या पोटात काय काय आहे ते सांगणारी एक कमांड असते. ती दिली. धडाधड ओळी आल्या. त्यांत मोडेमच्या चिपचं नाव आणि नंबर मिळाला. तो तळहातावर पेनने लिहिला आणि ठाकूरद्वारच्या सायबर कॅफेकडे जवळजवळ पळतच निघाले.

कॅफेत पहिल्या दोन साइटवर माझा नंबर नव्हता. तिसऱ्या साइटवर एका लांबलचक यादीत अगदी खाली सापडला. पुढे लिहिलं होतं, ‘चालतो’. मी खुर्चीतून उठलेच. शेजारी रिझल्ट बघत बसलेल्या मुलीने विचारलं, “पास?” म्हटलं, “अजून नाही, पण हॉल तिकीट मिळालं.” ड्रायव्हरची सीडी राइट करून घेतली, वाटेत ऑफिसात चढून लिनक्सच्या उरलेल्या सीड्या उचलल्या आणि परत वाडीत.

ड्रायव्हर तयार मिळत नव्हता. तो कच्च्या स्वरूपात होता, आपल्या मशीनवर शिजवून घ्यायचा. यालाच कंपाइल करणं म्हणतात. शिजवायला लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, मूळ मजकूर लागतो. तो माझ्या सीडीवर होता. कमांड दिली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या आणि मधेच थांबल्या. एरर.

“काय म्हणतोय?” अंकल.

“गाभ्याचा नंबर जुळत नाही म्हणतोय. मी शहाणपणा करून कालच कर्नेल नवीन टाकला. सीडीवरचा मजकूर जुन्याचा आहे.”

“जुना फेकून दिलास?”

हा प्रश्न ऐकून मी थांबले. लिनक्स नवा कर्नेल टाकताना जुना पुसत नाही, शेजारी ठेवून देतो. मशीन चालू होताना कुठला हवा ते निवडता येतं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, यादीतला जुना निवडला, तीच कमांड पुन्हा दिली. या वेळी ओळी धावत राहिल्या. न थांबता शेवटपर्यंत गेल्या. ड्रायव्हर गाभ्यात घुसवला. कुठलीही तक्रार नाही.

“दिसला,” मी म्हटलं. “मोडेम दिसला, अंकल.”

एवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता. सुजाता खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी खाली येऊन बसली. “आता मेल येतील, ताई?”

“आता नंबर फिरवायचा.”

फिरवला. स्क्रीनवर ओळ आली, ‘नो डायलटोन’.

अंकलनी रिसीव्हर कानाला लावला. “टोन आहे. स्वच्छ आहे.” त्यांनी तो माझ्या कानाला लावला. खरंच होता. लाइन जिवंत, आणि मोडेम म्हणतो मला काही ऐकू येत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वायर काढून घातली. तेच.

पुन्हा फोन वाजला. साठे सर. “निघालीस?”

“सर, ऐंशी टक्के झालंय.”

“ऐंशी टक्के मोडेमने क्लायंटला काय मिळतं?”

“काही नाही.”

सर म्हणाले, “भायखळ्याला मी जातो. तू ते संपव.” साठे सरांबद्दल मी बरंच काही बोलत आले आहे. पण त्या दिवशी त्या माणसाने स्वतः जाऊन प्रिंटर दुरुस्त केला, हेही सांगितलं पाहिजे.

माझं बोलणं संपल्यावर अंकलनी रिसीव्हर परत कानाला लावला होता. टोन ऐकत ते म्हणाले, “प्रत्येक बंदरात हा आवाज वेगळा. कुठे सलग, कुठे तुटक, कुठे जाडा. फोन उचलला की कळायचं, आपण कुठे आहोत ते.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा ड्रायव्हर लिहिला कुठे? अमेरिकेत नाहीतर युरोपात. तो तिकडच्या डायलटोनची वाट बघत बसला होता. गिरगावच्या एक्स्चेंजचा टोन त्याच्या कानावर पडत होता, पण तो त्याला टोन मानायलाच तयार नव्हता. यावर एक उपाय होता. मोडेमला सांगायचं, टोनसाठी थांबू नकोस, सरळ नंबर फिरव. त्यासाठी कमांडमध्ये चारच अक्षरं जास्त टाकायची असतात. मी टाकली.

लॅपटॉपमधून आवाज येत नव्हता, म्हणून अंकल त्याच लाइनवरच्या फोनचा रिसीव्हर उचलून, ऐकून सांगत होते. “नंबर फिरतोय... रिंग वाजतेय... उचलला.” मग त्यांचा चेहरा उजळला. रिसीव्हरमधून ती मोडेमची किंचाळी मलाही ऐकू आली. दोन मशीनं एकमेकांना ओळख देत होती.

“ठेवा, अंकल, रिसीव्हर ठेवा.” पण ठेवताना खट्ट झालं आणि लाइन तुटली.

“सॉरी, सॉरी,” ते म्हणाले आणि दोन्ही हात मागे बांधून भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही पुन्हा नंबर लावला. स्क्रीनवर एक ओळ आली, मग दुसरी, मग ‘कनेक्ट’.

मी मेल उघडला. आठवडाभराचं टपाल एकेक करून खाली उतरू लागलं. फार हळू. सुजाताने माझं मनगट धरलं होतं, त्यामुळे मला माऊस नीट हलवता येत नव्हता. शेवटी उतरलेला मेल महेशचा होता, आदल्या दिवशीचा. रोमन अक्षरांत मराठी. अंकलनी चष्मा लावून मोठ्याने वाचला.

“आम्हाला सगळ्यांना जहाजावरून खाली उतरवलं. मिशनच्या होस्टेलात ठेवलंय. पोटभर जेवलो. घरी पाठवायची बोलणी चालू आहेत. फादर उद्या प्रत्येकाला एकदा फोन करू देणार आहेत. सुजूला तुमच्याकडे बसवून ठेवा. तुमच्याकडच्या संध्याकाळी मी याच नंबरवर फोन करतो.”

सुजाताने पदर तोंडाला लावला. अंकलनी चष्मा काढून पुसला. मी विजयी चेहऱ्याने त्या ‘कनेक्ट’कडे बघत होते. बाहेर वाडीत दिवे लागायला लागले होते.

“ताई,” सुजाता म्हणाली, “फोन आता चालू आहे ना?”

“हो मग, त्यावरच तर इंटरनेट...”

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. एकच तार. मोडेम बोलतोय तोवर बाहेरून फोन करणाऱ्याला लाइन बिझी. महेश तिकडे नंबर फिरवत असेल, मागे त्याच्यासारख्यांची रांग असेल, आणि इकडे मी कौतुक बघत बसलेली.

“तोडा ना मग ते,” सुजाता म्हणाली.

तोडायची कमांड मला पटकन आठवेना. दिवसभर मी फक्त जोडायचंच बघत होते. शेवटी लॅपटॉपमधली वायर सरळ उपटली.

आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. काही वाजेना. अंकल म्हणाले, “लावेल. पोरगा परत लावेल.” पण त्यांच्या आवाजात तेवढी खात्री नव्हती. सुजाताचा हात रिसीव्हरवर होता, न उचलता नुसता ठेवलेला.

मग वाजला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला. बराच वेळ नुसतं ऐकत होती. मग एकदम मालवणीत म्हणाली, “जेवलंस काय? खरां सांग.” मी आणि अंकल उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

महेश आणि बाकीची मुलं पुढे टप्प्याटप्प्याने घरी आली. मी अंकलच्या स्क्रीनवर एकच बटण करून दिलं. ते दाबलं की लाइन जोडायची, मेल उतरवायचे आणि आपणहून फोन ठेवायचा. पुढे ब्रॉडबँड आला आणि ते सगळं कालबाह्य झालं.

साठे सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “काय शिकलीस?” मी मोडेमची चिप, कर्नेल, डायलटोन, सगळं सांगत बसले. खरं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आजही कोणाकडे काही जोडून दिलं की ते बंद कसं करायचं हे मी आधी दाखवते. लोकांना वाटतं, बाईंचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही.