मांडवावरच्या माणसाला सांगायचं नसतं

शालिग्राम जगदाळेचं घर देवासला आणि काम मांडवाचं. वडील तात्याही हेच काम करायचे. त्यांच्या वेळी लाकडी बल्ल्या, कापडी कनाती आणि काथ्याचे दोर होते. शालिग्रामच्या वेळी लोखंडी सांगाडे आले, धर्मशाळांच्या जागी हॉटेलं आली. मागच्या हिवाळ्यात तर तो रणवीरच्या टोळीबरोबर मस्कतला गेला. रणवीर ठेकेदार, देवासचाच, वयानं बराच लहान. इंदूरच्या एका व्यापाऱ्यानं मुलीचं लग्न तिथं समुद्राकाठच्या हॉटेलात ठेवलं होतं आणि मांडव मात्र आपल्याकडच्याच माणसांनी उभा करावा असा त्याचा हट्ट होता.

जगदाळ्यांच्या घरात तात्यांनी घातलेला एक नियम होता. माणूस मांडवावर असेल तर घरात कोणी गेल्याचा निरोप त्याला द्यायचा नाही. निरोप ऐकला की सुतक लागतं, आणि सुतकातले हात दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवाला लागू नयेत. ऐकलंच नाही तर लागत नाही. अक्षता पडल्या की सांगायचं. मग त्यानं अंघोळ करून घरची वाट धरायची. टोळीतल्या इतरांनीही हा नियम उचलला होता. त्यात लग्न अडत नसे आणि कोणाच्या मनाला बोचतही नसे.

काम जड होतं. मांडवाचा माथा म्हणजे सागवानी चक्र, त्याला खालून फुलांच्या माळा. हॉटेलनं छताला मोटर लावू दिली नाही, म्हणून चार कप्प्या आणि चार दोर. चार माणसांनी सारखं ओढायचं. एकाचा हात पुढे गेला तर चक्र तिरकं होतं, मागे राहिला तर दुसऱ्याच्या खांद्यावर भार जातो. ओढण्याचा ठेका धरणारा बोल शालिग्राम द्यायचा. फुलं न बांधता त्यांनी चक्र दोनदा चढवून पाहिलं. पहिल्यांदा बिघडलं. दुसऱ्यांदा बरं गेलं, चांगलं नाही. लग्नाच्या दिवशी पहाटे फुलांसकट चढवायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला. रोज करायचा. फोन बायकोनं, रुक्मिणीनं उचलला. तात्या झोपलेत म्हणाली. त्या वेळेला तात्या कधी झोपत नसत. अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत बसत. त्यानं जेवणाचं विचारलं, तिनं झालं म्हणून सांगितलं. मागे टीव्हीचा आवाज नव्हता. धाकटा भाऊ भगवंत धारला असतो, त्याचा खोकला मात्र ऐकू आला. भगवंत कसा आला, असं त्यानं विचारायच्या आत फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. तेवढ्यात रणवीर आला. माझा बॅलन्स संपलाय, जरा दे, म्हणून त्यानं फोन घेतला आणि परत दिला नाही.

मग रणवीर म्हणाला, चला, आज सगळे बाहेर जेवू, बंदर बघू. काम हातात असताना हा माणूस चहालासुद्धा कोणाला सोडत नसे. राजवीर आणि अंशुल ही टोळीतली तरुण पोरं लगेच शर्ट बदलायला गेली. शालिग्राम होता त्याच कपड्यांत निघाला.

बंदराकाठचा रस्ता स्वच्छ होता. एका बाजूला पांढरी घरं, दुसऱ्या बाजूला पाणी. पोरांनी फोटो काढले. शालिग्रामला मध्ये उभं केलं, तर तो उभा राहिला. मनन त्याच्या बाजूनं चालत होता. मनन बदनावर गावचा, तोंडाचा फटकळ. चालताना, ओढताना, जेवताना शालिग्रामची टर उडवल्याशिवाय त्याला घास जात नसे. आज तो त्याला जहाजांची नावं वाचून दाखवत होता. शालिग्रामनं मुद्दाम काढलं, की काल तुझाच हात मागे राहिला, म्हणून पहिला फेरा बिघडला. एरवी मननने उलट चार शब्द ऐकवले असते. तो म्हणाला, हो दादा, माझीच चूक.

शालिग्रामनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो चालत राहिला.

जेवायला ते एका मल्याळी माणसाच्या साध्या हॉटेलात बसले. पराठे आले, डाळ आली, मासे आले. शालिग्रामच्या ताटात प्रत्येक जण काही ना काही वाढत होता. तोही खात होता. चव लागत नव्हती, पण चावणं जमत होतं. जेवण होत आलं तेव्हा मालकानं आपल्याकडून म्हणून हलवा आणला. तिथला प्रसिद्ध हलवा, गडद तपकिरी, वर बदाम. मालकानंच डाव घेऊन वाढायला सुरुवात केली. रणवीरला वाढला, पोरांना वाढला. शालिग्रामच्या ताटाशी डाव आला आणि मननने हात आडवा धरला.

"इनको नहीं, भिया," तो मालकाला म्हणाला. मग शालिग्रामकडे न बघता म्हणाला, "दादाला शुगर आहे."

शालिग्रामला शुगर नव्हती. त्याच दुपारी मननसमोर त्यानं चहात तीन चमचे साखर घेतली होती. रणवीरनं मननकडे पाहिलं, मननने ताटाकडे. दिवसभर ते नीट निभावून नेत होते. लपवायचं ठरलं तसं लपवलं, फोन काढून घेतला, फिरवून आणलं. पण ज्याच्या घरात मयत झालंय त्याच्या ताटात गोड पडताना त्यांना बघवलं नाही. राजवीरनं तोंडाशी नेलेला चमचा खाली ठेवला.

आता तिथं दोन वाटा होत्या, आणि शालिग्रामला दोन्ही दिसत होत्या. काही न विचारता उठायचं, पहाटे दोर धरायचा, बोल द्यायचा, लग्न लागल्यावर ऐकायचं. नियम तसाच होता आणि तात्यांचाच होता. दुसरी वाट म्हणजे विचारून टाकायचं. मग पहाटे त्याचा दोर दुसऱ्याला धरावा लागणार. दोनदा चढवूनही बरं गेलेलं, चांगलं न गेलेलं काम त्याच्याशिवाय करावं लागणार.

त्यानं हात धुतले. परत येऊन बसला.

"रणवीर, सांग."

"दादा, उद्या बोलू. सकाळचं होऊ दे."

"नियम न कळलेल्या माणसासाठी आहे. मला कळलंय. कळून मी तो दोर धरला, तर ते त्या मुलीला फसवणं झालं. सांग."

रणवीरनं सांगितलं. सकाळी तात्यांनी चहा घेतला, खुर्चीतच मान टाकली. भगवंत दुपारपर्यंत धारहून आला. अग्नी त्यानंच दिला. रुक्मिणीवहिनींनी रणवीरला फोन करून शपथ घातली होती, की मांडव उभा राहीपर्यंत ह्यांना सांगू नका, तात्यांना ते आवडलं नसतं.

शालिग्रामनं मान हलवली. थोरला तो, अग्नी त्यानं द्यायचा होता. रडू येईल असं त्याला वाटलं, पण काही आलं नाही. त्यानं विचारलं, लाकडं कोरडी मिळाली का. रणवीरला माहीत नव्हतं.

ऐकल्यावर अंघोळ करायची असते. बाहेर बंदराच्या कठड्यापलीकडे दगडांतून पाण्यापर्यंत उतरायला वाट होती. तो अंगावरच्या कपड्यांनिशी उतरला, कमरेइतक्या पाण्यात गेला आणि तीन बुड्या मारल्या. पाणी खारट होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा कोमट. वर रस्त्यावरून माणसं आपली चालली होती. चौघे कठड्याशी उभे होते. तो वर आला तेव्हा राजवीरनं त्याच्या चपला हातात न देता जमिनीवर ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरला. त्याचं बरोबर होतं. पहाटे राजवीरचे हात मांडवाला लागायचे होते. मननला मात्र राहवलं नाही, तो टॉवेलसारखा काहीतरी शोधत पुढे आला. शालिग्रामनं त्याला हातानंच लांब राहायला सांगितलं.

गाडीत तो मागच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरून बसला, सीट भिजू नये म्हणून. बाकीचे दुसऱ्या टॅक्सीनं आले. खोलीही त्याला एकट्याला दिली. रणवीरनं दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं आणि फोन दाराबाहेर ठेवून गेला. शालिग्रामनं रुक्मिणीला फोन लावला. ती खूप वेळ रडली. तो ऐकत राहिला. अस्थींना मी पोचतो, एवढं भगवंतला सांग, म्हणाला.

पहाटे तो झोपेविनाच उठला आणि बॅग घेऊन हॉटेलच्या मागच्या अंगणात गेला, जिथं माल उतरवतात. हॉलचं लोखंडी दार अर्धं उघडं होतं. आत जायचं नव्हतं. तो भिंतीशी उभा राहिला. त्याच्या दोराला रणवीर होता. रणवीरनं कित्येक वर्षांत दोर धरला नव्हता, त्याचे हात मऊ पडले होते. बोल मनन देत होता.

कप्प्या करकरल्या. शालिग्रामला आवाजावरून कळत होतं. तीन दोर सारखे येत होते, चौथा झटके देत होता. मननने बोल हळू केला. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चौघे थांबले, श्वास घेतला, पुन्हा ओढलं. कोणीतरी कण्हलं, बहुतेक रणवीर. शालिग्रामचे हात खिशात होते.

मग करकर थांबली. दोर खुंटाला बांधल्याचा ठोका आला, एकामागून एक चार. आत कोणी ओरडलं नाही. चढवणं चांगलं झालं नव्हतं, पण चढलं होतं.

थोड्या वेळानं मनन दारात आला. उंबरठ्याच्या आतच उभा राहिला.

"दादा, कसं गेलं?"

"तुझा हात मागे नव्हता," शालिग्राम म्हणाला.

मननने मान डोलवली आणि माळा सारख्या करायला आत गेला. शालिग्राम बॅगेशेजारी बसून राहिला. विमानतळावर नेणारी गाडी यायला अजून बराच वेळ होता.