तुमच्या तारेतून आलंय

नव्व्याण्णव साली वाशीत आमची छोटी इंटरनेट कंपनी सुरू झाली. मी हेल्पडेस्कवर. वाटलं होतं, लोक फोन करतील ते लाइन लागत नाही म्हणून. तसे फोन यायचेच. पण किस्से साठले ते वेगळेच. लिहायचं कुणीतरी, आणि जाब विचारायला माणसं यायची आमच्याकडे.

मालक तळवलीचे दामूशेठ. गावची शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतल्यावर या धंद्यात उतरलेले.

पहिले आले एक हवालदार. कुणीतरी कुणाला ईमेलवर शिव्या घातल्या होत्या. शेठनी समजावलं, "साहेब, आमी पोस्टमन हाय. पोस्टमन पत्र वाचतो काय?"

हवालदार म्हणाले, "पोस्टकार्ड असलं तर वाचतो."

शेठनी गुपचूप चहा मागवला.

मग वकील गाठला. तो म्हणाला, "वाईट मजकूर गेला तर लायसन्स तुमचं जाईल. कस्टमरकडून हमी लिहून घ्या." झालं, फॉर्मला कागद जोडला: 'मी इंटरनेटवर वाईट काही करणार नाही.'

कोपरखैरण्याच्या एका रिटायर्ड मास्तरांनी तो तीनदा वाचला. "वाईट म्हणजे नेमकं काय? यादी द्या, मग सही करतो."

शेठ यादी सांगायला बसले, ऑफिसातली स्मिता टाइप करायला. चौथ्या मुद्द्याला तिने कीबोर्डवरून हात उचलले. "शेठ, उद्या धाड पडली तर हा मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर सापडेल."

मास्तरांना सहीशिवायच कनेक्शन दिलं.

आणि एकदा जुईनगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले, हातात प्रिंटआउट. आम्ही प्रत्येक कस्टमरला एक वेबपेज फुकट द्यायचो. अशाच एका बिननावाच्या पेजवर लिहिलं होतं, 'आमचे सेक्रेटरी बी विंगचं पाणी बंद करतात आणि टाकीची चावी उशीखाली घेऊन झोपतात.'

"तुमच्या तारेतून आलंय. नाव सांगा, नाहीतर अब्रुनुकसानीची केस तुमच्यावर."

शेठचा चेहरा उतरला. तरी त्यांनी विचारलं, "चावी उशीखाली ठेवता, हे खरं हाय?"

"तो मुद्दा नाही."

मी पेजचा नंबर बघून त्या कनेक्शनचा फॉर्म काढला, वाचला आणि सेक्रेटरींसमोर ठेवला. नाव त्यांचं, पत्ता त्यांचा, सहीही त्यांचीच.

त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "घरी मिसेसशिवाय कोणी नसतं."

शेठ म्हणाले, "पेज काढून टाकू आमी. फक्त वहिनींना एक फोन करून विचारतो."

सेक्रेटरींनी प्रिंटआउटची घडी घालून खिशात ठेवली.

"नको. राहू दे."