एकशे बत्तीसचा रिकामा गोल

माझी मुलगी चंद्रपूरला डॉक्टरीच्या प्रवेशाची परीक्षा देऊन आली, तेव्हा आमच्या गावात तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम सुरू झाला होता. बसमधून उतरली ती पिशवी उचलून सरळ घराकडे चालू लागली. मी पेपर कसा गेला ते विचारले नाही. विचारायचा धीर होत नव्हता. शिवाय मी चौथीत शाळा सोडलेली, ती गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून बारावी केलेली. तिने सांगितले तरी मला काय कळणार, असेही वाटत होते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "मी बी येते जंगलात."

सकाळी पाने तोडायची, घरी आणून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे, असे ते काम. फळी म्हणजे गावाबाहेरचे मोकळे मैदान. तिथे ठेकेदाराचा मुन्शी पुडे मोजून घेतो आणि ते रांगांनी वाळायला मांडतात. लहानपणापासून तिचा हात या कामात बसलेला. गप्पा मारत बांधायची, तरी पान कमी-जास्त होत नसे. यंदा मात्र ती पुडा बांधायची, सोडायची, पुन्हा मोजायची. बांधून ठेवलेलाही उचलून सोडायची.

शेजारची बाई म्हणाली, "काय वो डाक्टरीणबाई, पानाले ताप आला का? किती डाव नाडी पाह्यतं?"

सगळ्या हसल्या. ही हसली नाही. जेवायला बसली तरी भात चिवडून उठायची. मी म्हटले, "बेटा, दोन घास तं खा." ती म्हणायची, "उतरूनच नाई राह्यलं."

एका संध्याकाळी आम्ही फळीवर पुडे मांडत होतो. रांगेत एक जागा मोकळी सुटली होती. ती तिथेच थांबली.

"आई, इकडं पाह्य. हा एक एक पुडा म्हणजे एक एक प्रश्न समज."

मग तिने सांगितले. उत्तरे वेगळ्या कागदावर द्यायची असतात, प्रत्येक प्रश्नापुढच्या चार गोलांपैकी एक काळा करून. एकशे बत्तीसचा प्रश्न तिला येत नव्हता म्हणून तिने तो सोडला. "पण पुढच्याचं उत्तर कुठी भरलं, तेच आठवून नाई राह्यलं. त्या मोकळ्या जागीच भरलं असन तं?" असे म्हणून तिने पुढचा पुडा उचलून मोकळ्या जागेत ठेवला, त्याच्या जागी त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. "पाह्य. पुडे सगळे चांगले, पण जागा सगळ्यांची चुकली. एक बी धरणार नाईत."

"मंग शेवटी एक जागा उरली असन ना?"

"शेवटच्या प्रश्नांले टाइमच नाई भेटला. खाली मोकळंच होतं सगळं, एक जादा उरली तं कसं कळन?"

तिकडून मुन्शी ओरडला, "काऊन बाई, माही रांग काऊन मोडून राह्यल्या?" आम्ही घाईने पुडे सारखे केले. पण त्या दिवसापासून तिची भीती मलाही लागली. रांगेत मोकळी जागा दिसली की मी तिच्या पुढचे पुडे मोजायला लागायचे.

तिने भरलेल्या उत्तराच्या कागदाचा फोटो मोबाइलवर येणार होता, तो यायला बरेच दिवस लागले. तोवर तोडाई संपली. आम्ही काही बाया फळीवर पुडे उलटेपालटे करायच्या कामाला राहिलो. ती पण माझ्यासोबत यायची. घरी एकटी बसवत नाही म्हणायची.

आमच्या गावात नेटवर्क तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मिळते. तिथे माणसे बसलेली असतात, म्हणून मी तिकडे फारशी जात नाही. कागद आला म्हणून निरोप आला, त्या दिवशी तिने माझा हात धरला आणि मी गेले. तिने फोनवर कागद उघडला, फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले.

"तूच पाह्य. मले नाई होत."

इंग्रजी आकडे मला येतात, बसच्या पाट्या आणि फोन पाहून शिकले. पण बोट लावले की कागद पळत होता. बारीक बारीक गोलांच्या रांगा. मी आकडा आकडा वाचत खाली गेले. शेवटी एकशे बत्तीस सापडला. चारही गोल पांढरे. त्याच्या खाली एकशे तेहतीसला एक काळा.

"रिकामा आहे," मी म्हणाले.

"एकशे बत्तीसच ना? एकशे बेचाळीस तं नाई पाह्यला?"

आता मलाच शंका आली. पुन्हा पाहिले. मग म्हटले, "डोळे उघड अन् तूच पाह्य."

तिने पाहिले आणि पाळीवर खालीच बसली. रडत होती, आवाज नव्हता. बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याने विचारले, "काय झालं वो बाई?"

"काई नाई, भाऊ. बरं झालं," मी म्हणाले. परक्या माणसाशी मी एवढेही कधी बोलत नाही.

घरी ती पोटभर जेवली. ताट धुताना म्हणाली, "आई, कागद बरोबर आहे, पण मार्क काठावरचेच येतीन. गडचिरोलीच्या कालेजात लागन का सीट?" ताट पालथे घालून पुन्हा, "अन् नाई लागली तं?"

मी म्हटले, "चाल, पुडे पलटवाचे आहेत."

फळीवर ती भराभर पुडे पलटत पुढे गेली. एकदाही मागे वळून रांग पाहिली नाही. मी मात्र तिच्या मागून चालताना सारखी पाहत होते, कुठे एखादी जागा मोकळी तर सुटली नाही.