डावीकडची तोकडी टाच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगून काय उपयोग — तिला अक्षरओळखच नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारा मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे, उगाच नम्रपणा कशाला दाखवू? पण माझं नाव झालं ते एका फॉन्टमुळे. जाड, जुन्या वळणाचं अक्षर, प्रत्येक उभ्या रेघेच्या पायाशी दोन्ही बाजूंना त्रिकोणी टाच. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले फलक — तुम्हीही पाहिलं असेल. त्याला बक्षीस मिळालं. व्यासपीठावर मी म्हणालो, हे मला सुचलं.

सुचलं? कसं सुचेल?

ते अक्षर आमच्या गावच्या धनराज पेंटरचं. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. हाताखाली काठी टेकवून ते पत्र्यावर रंगवायचे. ब्रश दाबायचा, मनगट वळवायचं, उचलायचं — टाच तयार. काठी आड यायची म्हणून डावीकडची टाच जरा तोकडी राहायची. शहाद्यापासून प्रकाशापर्यंत त्यांच्या पाट्यांचे मी फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकेक अक्षर गिरवलं. आधी दोन्ही टाचा सारख्या केल्या, तर अक्षर मेलंच. मग तोकडी टाच परत आणली. म्हणजे — मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

पण ही झाली चोरी. मला जे सोडत नाही, ते याहून लहान आहे.

तोवर गावोगाव फ्लेक्स आले होते, आबांचा ब्रश सुटला होता. एकदा बसस्टँडवर एका फ्लेक्सखाली ते मान वर करून उभे. मला पाहून म्हणाले, "भाऊ, तू शिकेल शे. हाई अक्षर कोनं शे रे? मन्हा हातनं वाटस."

मी त्यांच्याशी जन्मभर अहिराणीत बोललो. त्या दिवशी मात्र शाळेतली मराठी काढली — "नाही आबा, कॉम्प्युटरचं आहे."

त्यांनी हवेत बोट फिरवून एक टाच काढली. "मशीनले बी काठी आडी येस का?" हसले, आणि बसमध्ये चढले.

हसले ते का? त्यांना कळलं होतं का? विचारायला मी कधी गेलोच नाही.

मागच्या महिन्यात आबा गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला — माझ्याच फॉन्टात. फ्लेक्सवाल्याला काय माहीत? फोटोखाली 'धनराज', आणि प्रत्येक उभ्या रेघेची डावी टाच तोकडी. दहाव्याला त्यांची मुलगी त्या नावाकडे बघतच राहिली. "जसं बाबानीच काढेल शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नही का रे भाऊ?"

फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. आजूबाजूला चार माणसं होती, सगळी आबांना ओळखणारी.

मी म्हणालो, "कॉम्प्युटरचं आहे, ताई."