अख्खा दाणा, तुकडा दाणा

चार माणसं भात भरडायच्या गिरणीत कामाला असली की तांदूळ विकला जातो आणि किस्से साठत राहतात! आमची गिरणी येडशी स्टेशनाजवळ, निजामाच्या काळातली. मालक अण्णा. इंजिनावर हमीदचाचा, भरडायला मी, पाखडायला गंगूबाई आणि शेवंता. आमचा मुलूख भाकरीचा, भात फक्त सणाला. पण भाताचं फुकट असं काही जायचं नाही.

*

इंजिनाच्या भट्टीत जळलेल्या तुसाची राख चाचा मीठ घालून दातांना लावायचे. एकदा पोलीस जमादार आला आणि म्हणाला, "चाचा, दात कसे काय चमकतात?"

चाचांनी पुडी बांधून दिली. "खास हैदराबादचं मंजन है साब!"

आठ दिवसांनी जमादार पुन्हा हजर. "आणखी मागवा. तिकडच्या मालाची बातच निराळी!"

चाचा भट्टीमागं गेले आणि माल घेऊन आले.

*

गावच्या मास्तरांचे पाय सुजायचे. हकिमानं कोंड्याच्या भाकरी खायला सांगितल्या. मास्तर लाजत गिरणीत आले. "म्हशीसाठी थोडा कोंडा पाहिजे."

"मास्तर, तुमच्याकडं म्हैस कुठंय?" गंगूबाईनं विचारलं.

"घ्यायचा विचार आहे."

दोन महिने कोंडा जात राहिला. मग एके दिवशी मास्तर झपाझप चालत आले. गंगूबाई म्हणाली, "म्हशीचे पाय बरे दिसत्यात!"

*

सोलापूरहून अण्णांनी कंदिलाची काच मागवली. पेटीत तूस भरलेलं, त्यामुळं रेल्वे, बैलगाडी, खड्डे, सगळं सोसून काच धड आली. अण्णांनी ती उजेडात धरून कौतुकानं टिचकी मारली.

चाचा म्हणाले, "तुसात बरी होती बिचारी."

*

आता माझी फजिती. मुलगी बघायला जळकोटला जायचं होतं. बहिणीनं टोपीला भाताच्या पेजेची अशी खळ दिली की टोपी एकटी उभी राहायची. तिथं ओसरीवर टोपी काढून ठेवली आणि पाणी प्यायलो. तेवढ्यात त्यांच्या शेळीनं निम्मी टोपी खाल्ली!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "खात्यापित्या घरचे दिसता."

लग्न जमलं.

*

गिरणीचा रिवाज असा, की अख्खा तांदूळ मालकाचा आणि चाळणीखाली पडलेली कणी पाखडणाऱ्या बायांची. तीच त्यांची मजुरी. गंगूबाईच्या लेकीची सोयरीक सास्तूरला ठरली. आमच्याकडं अक्षता जोंधळ्याच्या चालतात, पण वरपक्ष अडून बसला. "मुलीची आई तांदळाच्या गिरणीत, अन् आमी जोंधळा टाकून घ्यावा व्हय? तांदूळ न्हाय, तर लगीन न्हाय!"

अक्षता म्हणजे अख्खाच दाणा. तुटका टाकणं अशुभ. गंगूबाईच्या घरी मडकंभर कणी आणि अख्खा दाणा एक नाही. ते सक्तीच्या धान्यवसुलीचे, लेव्हीचे दिवस, पोत्या-पोत्यावर सरकारचा डोळा, म्हणून तिनं मागितलं तरी अण्णांनी हात वर केले. दुपारी भाकरी सोडून ती कणीत चुकार दाणे शोधायची. मला बघवत नव्हतं.

एके दिवशी चाचांनी गुपचूप दाभण घेऊन चाळणीची दहा-बारा भोकं मोठी केली. मी बघितलं आणि तोंड फिरवून इंजिनाचा पट्टा आवळत बसलो.

लग्नात अण्णांच्या हातात अक्षता आल्या. त्यांनी मूठ उघडून निरखलं. "गंगूबाई, सगळे अख्खे हायेत की!"

"व्हय, अण्णा."

"उद्या चाळणी बघाय पायजे."

"उद्या बघा. आज ह्या टाका."

अण्णांनी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी ते आल्या-आल्या चाळणीकडं गेले. ती उन्हाकडं धरून त्यांनी बराच वेळ बघितलं. चाचांनी इंजिन पुसायला घेतलं.

"शेवंता," अण्णांनी विचारलं, "तुझ्या पोरीचं कधी करायचंय?"

"पुढल्या साली, अण्णा."

अण्णांनी चाळणी जागच्या जागी बसवली.